आठव्या दिवसाची फवारणी

यावल तालुक्यातल्या एका ताईंचं पत्र आलं आहे. दोन एकर भरीताची वांगी, बांधाला लागून अर्धा एकर झेंडू, विहिरीजवळ लिंबाची चाळीसेक झाडं. नवरा जळगावला कंपनीत कामाला, त्यामुळे वावर त्या आणि सासरे बघतात. सासऱ्यांचा, म्हणजे आबांचा, नियम ठरलेला: दर रविवारी फवारणी. मुलाला त्या दिवशी सुट्टी असते, पंप तोच पाठीवर घेतो. कोणतं औषध ते कृषी केंद्रवाला सांगतो आणि उधारीवर देतो. वांग्याला छिद्र दिसलं की मधे बुधवारीही एक फवारा होतो, मग मजूर लावून. एवढं करूनही दर तोडणीत किडका माल निघतोच. घरी खायला दोन ओळी वेगळ्या ठेवल्या आहेत, त्यांना औषध मारत नाहीत. "तिथंही जवळपास तेवढीच किडकी निघतात," असं त्या जाता जाता लिहितात. यंदा चंपाषष्ठीला व्यापाऱ्याने अचानक माल मागितला. आदल्या संध्याकाळी फवारा झालेला होता, तरी सकाळी तोडून दिला. "त्या रात्री मला झोप लागली नाही," असं लिहून त्या विचारतात: "कोणतं औषध मारलं म्हणजे अळी कायमची जाईल? आठ दिवसांऐवजी पाच दिवसांनी फवारणी घेऊ का? आणि आबांना न दुखवता हे कसं बोलू?"

ताई,

तुमचे प्रश्न तीन आहेत, पण मी अडकलो तुमच्या त्या दोन ओळींपाशी. तिथं औषध नाही आणि किडकी वांगी जवळपास तेवढीच निघतात, असं तुम्हीच लिहिता. मग बाकीच्या वावरात दर रविवारी काय चाललंय? औषधाचे पैसे जातात, तुमच्या नवऱ्याचा आठवड्यातला एकुलता सुट्टीचा दिवस पंपाखाली जातो, आणि अळीचं फारसं काही बिघडत नाही. दोन ओळींवरून अख्ख्या दोन एकरांचा निकाल लावू नये, हे मलाही कळतं. पण दुकानात जाऊन आणखी जहाल औषध मागण्याआधी या प्रश्नाशी जरा थांबू या.

छिद्र दिसलं की तुम्ही फवारता, असं तुम्ही लिहिलंय. वांग्यावर बाहेरून ठसठशीत दिसणारं ते गोल भोक बहुतेक वेळा अळी आत शिरल्याचं नसतंच. पोट भरून ती बाहेर निघून गेल्याचं असतं.

या किडीला आपण शेंडा व फळ पोखरणारी अळी म्हणतो. तिचा पतंग पांढुरका, पंखांवर तपकिरी-गुलाबी ठिपके, आणि तो रात्री फिरतो. मादी पानाच्या खालच्या बाजूला, कोवळ्या शेंड्यावर, कळीवर, फळाच्या देठाजवळच्या टोपीवर एकेक अंडं ठेवत जाते. तीन ते सहा दिवसांत अंडं फुटतं. निघालेली अळी केसाएवढी बारीक असते, आणि काही तासांतच ती शेंड्यात नाहीतर फळात घुसते. घुसलेली जागा ती आपल्या विष्ठेने बुजवते, फळ वाढतं तशी ती जागा भरूनही येते. तुम्ही वांगं हातात घेऊन फिरवून पाहिलंत तरी ओळखू येणार नाही. पुढचे साधारण दोन आठवडे ती आत गर खात बसते. मग भोक पाडून बाहेर येते, खाली पडलेल्या पाचोळ्यात किंवा मातीत कोष करते, आणि त्यातून नवा पतंग निघतो.

आता यात तुमचा फवारा बसवून बघा. पतंगावर दिवसा औषध पडत नाही. आत बसलेल्या अळीला फळाची साल आडवी येते. कोष पाचोळ्याखाली. अंड्यावर बऱ्याचशा औषधांचा परिणाम होत नाही. फवाऱ्याच्या हाती लागण्यासारखी ती असते अंड्यातून निघाल्यापासून आत शिरेपर्यंत, म्हणजे काही तास. त्या तासांत शेंड्यावर आणि फळावर औषध असलं तर ते कामाला येतं. भोक बघून बुधवारी मारलेला फवारा निघून गेलेल्या पाहुण्याला चहा टाकण्यासारखा आहे. कष्ट पुरे होतात, पण ज्याच्यासाठी केले तो घरात नाही.

आणि हे तास रविवारी येतील असं कोणी सांगितलं? ऑगस्टच्या दमट उकाड्यात या किडीची पिढी भराभर पुरी होते. डिसेंबरात आपल्याकडे थंडी पडली की तेच सगळं रेंगाळतं. म्हणजे पोळ्याच्या सुमाराचे आठ दिवस आणि चंपाषष्ठीचे आठ दिवस किडीच्या लेखी सारखे नसतात. भिंतीवरच्या कॅलेंडरला ते कळत नाही. वावरात वाकून पाहणाऱ्याला कळतं.

तर ताई, पाच दिवसांनी फवारू नका. त्याने अळी तेवढीच राहील आणि नवी दुखणी मागे लागतील. आपल्या वावरात ढालकिडा असतो, जाळीदार पंखांचा क्रायसोपा नावाचा कीटक असतो, अंड्यांवर जगणाऱ्या बारीक गांधीलमाश्या असतात. आपण मारतो त्या औषधांनी, विशेषतः सिंथेटिक पायरेथ्रॉइड गटातल्या, हे मित्रकीटक आधी मरतात. मग पांढरी माशी आणि लाल कोळी डोकं वर काढतात. लाल कोळी तर कीटकच नाही, आठ पायांचा कोळी आहे. पुष्कळशा कीटकनाशकांनी त्याचं काही होत नाही, उलट त्याला खाणारे मरून गेल्याने तो माजतो. पानं मागून जाळीदार, वरून फिकट झाली की शेतकरी पुन्हा दुकानात जातो. शिवाय एकाच गटाचं औषध पुन्हा पुन्हा मारलं की त्यातून वाचलेल्या अळ्यांचीच पैदास वाढते. "गेल्या वर्षी हेच औषध लागू पडलं होतं," ही तक्रार मी जवळपास प्रत्येक गावात ऐकली आहे. दुकानदार दर वेळी नवं नाव देतो, पण आतलं औषध तेच किंवा त्याच गटाचं असू शकतं. बाटलीवर मोठ्या अक्षरातल्या नावाखाली बारीक अक्षरात तांत्रिक नाव असतं. ते वहीत उतरवून ठेवा, म्हणजे नवं काय आणि जुनंच काय ते तुमचं तुम्हाला कळेल.

मग करायचं काय? पहिलं काम हाताचं आहे, आणि तुमच्याकडे ते आधीपासून थोडंफार होत असेल. मलूल होऊन खाली माना टाकलेले शेंडे दिसतात ना, त्यातल्या बहुतेक शेंड्यांत अळी असते. तो शेंडा किडलेल्या भागाच्या बोटभर खालून खुडायचा आणि पिशवीत टाकायचा. तोडणीत निघालेली किडकी वांगीही त्याच पिशवीत. आपण चुकतो ते इथे. किडकी वांगी आपण बांधावर फेकतो. त्यांच्यातली अळी दोन-चार दिवसांत बाहेर पडते, तिथल्याच मातीत कोष करते, आणि तिचा पतंग तुमच्याच वांग्यावर परत येतो. खड्ड्यात खोल पुरा किंवा जाळा. नुसतं शेणखताच्या ढिगावर टाकून भागत नाही. आठवड्यातून दोनदा अशी खुडणी झाली तर अर्धी लढाई तिथेच मारली जाते, आणि त्याला ना उधारी लागते ना पंप.

दुसरं काम कामगंध सापळ्यांचं, म्हणजे मादीच्या गंधाने नर पतंगाला ओढून पकडणाऱ्या सापळ्यांचं. कपाशीमुळे हे सापळे आपल्या भागात घरोघरी माहीत झाले आहेत, पण त्यातच एक घोटाळा होतो. बोंडअळीची गोळी (ल्यूर) वांग्यात टांगली तर काही सापडत नाही, आणि मग "सापळे फुकट असतात" असं गावभर होतं. प्रत्येक किडीचा गंध वेगळा. दुकानात वांग्याच्या शेंडा-फळ पोखरणाऱ्या अळीची ल्यूर म्हणून स्पष्ट मागा. एकरी चार-पाच सापळे निरीक्षणाला पुरतात. पिकाच्या शेंड्यांच्या उंचीवर लावा, पीक वाढेल तसे वर सरकवा, ल्यूर पाकिटावर लिहिलेल्या मुदतीत बदला. रोज सकाळी त्यात किती पतंग पडले ते मोजा आणि वहीत टाका. शाळेत जाणारं लेकरू घरात असेल तर हे काम त्याला द्या, मुलं हे मोठ्या हौसेने करतात. एक-दोन पतंगांवरून आकडा दोन-तीन दिवस सलग चढता दिसला म्हणजे अंडी पडायला लागली. तिथून तीन-चार दिवसांनी अळ्या निघायच्या. तुमचा फवारणीचा वार तो.

त्या दिवशीही पंप भरण्याआधी वावरात तिरपे चालत वीस झाडं बघा. प्रत्येक झाडाचे पाच शेंडे मोजा, म्हणजे शंभर झाले. त्यात पाचेक मलूल असले, किंवा शंभर फळांत पाचेक किडकी निघाली, तर फवारणी घ्या. त्याहून कमी असतील तर खुडणी करा आणि दोन दिवसांनी पुन्हा बघा. सुरुवातीच्या हलक्या प्रादुर्भावाला पाच टक्के निंबोळी अर्क चांगला. तो संध्याकाळी मारा, उन्हात त्याची ताकद जाते. बुरशीजन्य आणि जीवाणूजन्य औषधांनाही ऊन मानवत नाही.

आता त्या न झोपलेल्या रात्रीबद्दल. तुम्ही हे लिहिलंत याबद्दल मला तुमचा फार आदर वाटतो. पुष्कळ लोकांना ते खटकतही नाही. मी तुम्हाला दोष देणार नाही. मालाला भाव होता, व्यापारी दारात उभा होता, आणि घरात निर्णय एकट्या तुमचा नव्हता. पण घरच्यासाठी दोन ओळी वेगळ्या ठेवतो, याचा अर्थ आपल्याला मनातून सगळं माहीत असतं. चंपाषष्ठीला आपलं वांगं खंडोबाच्या नैवेद्याला जातं. थंडीत शेताशेतात भरीत-भाकरीच्या पंगती बसतात. आपल्या जळगावच्या भरीताच्या वांग्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, ते या मातीच्या चवीवर मिळालं. वांगं काट्यांवर भाजून साल काढली म्हणजे औषध निघून जातं, असा एक समज आहे. त्याच्या भरवशावर राहू नका. झाडाच्या आत भिनणारी औषधं साल काढल्याने जात नाहीत.

यावर उपाय पुन्हा वेळेचाच आहे. प्रत्येक औषधाच्या बाटलीबरोबर घडी केलेली एक चिठ्ठी येते. त्यात पिकाच्या नावापुढे फवारणी आणि काढणी यांत किती दिवस जायला हवेत ते छापलेलं असतं. ते पीकवार वेगळं असतं, ही गोष्ट फार थोड्यांना माहीत असते. क्लोरँट्रानिलीप्रोल १८.५ एससी हे औषध सर्रास वापरात आहे. टोमॅटोला आणि मिरचीला त्याची प्रतीक्षा ३ दिवसांची, भेंडीला ५ दिवसांची, आणि वांग्याला २२ दिवसांची. शेजारच्या मिरचीवाल्याने सांगितलं म्हणून तुम्ही ते तोडणी चालू असताना वांग्यावर मारलं तर तुमच्या तीन-चार तोडण्या त्या मुदतीत येतात. म्हणून इतकी लांब मुदत असलेली औषधं लागलीच तर फळं धरण्याआधी, शेंडे किडतात तेव्हा वापरा. तोडणी सुरू झाल्यावर छोट्या मुदतीचंच औषध निवडा. इमामेक्टिन बेंझोएट ५ एसजीला वांग्यावर ३ दिवस आहेत. तरी माझ्या आकड्यांवर विसंबू नका, तुमच्या हातातल्या बाटलीची चिठ्ठी वाचा. वांग्याचं नावच तिच्यात नसेल तर ते औषध वांग्यासाठी नाही, दुकानदार काहीही म्हणो. मोनोक्रोटोफॉसला भाजीपाल्यावर २००५ पासून बंदी आहे, तरी ते नाव मी भाजीच्या वावरात ऐकलं आहे.

क्रम एवढा पाळा: आधी तोडणी, मग फवारणी. आज सकाळी तोडलं, आज संध्याकाळी फवारलं, म्हणजे पुढच्या तोडणीपर्यंतचे सगळे दिवस तुमच्या हातात राहतात. चंपाषष्ठीला तुमच्याकडे नेमकं उलटं झालं, आदल्या संध्याकाळी फवारणी आणि सकाळी तोडणी. नुसता हा क्रम फिरवला तरी तुमच्या मनावरचं बरंचसं ओझं उतरेल. सणाची तारीख तर वर्षभर आधी कळते. पुढच्या चंपाषष्ठीचा दिवस आजच वहीत लिहा, आणि त्याच्या आधीचा आठवडा फवारणीशिवाय जाईल असं बघा. अचानक माल मागणाऱ्या व्यापाऱ्याला "फवारा झालाय, चार दिवसांनी देते" असं म्हणून बघा. एखादा निघून जाईल. पण दुसरा असा भेटतो की जो पुढच्या वेळी तुमचाच माल आधी मागतो.

फवारणीची वेळ रविवारीच येईल असं नाही, म्हणून बुधवारच्या मजुराच्या जागी, वेळ आली की महिन्यातल्या दोन संध्याकाळी मजूर लावा. महिन्यात चार रविवार आणि वरचे बुधवार धरले तर खर्च कमीच होईल.

संध्याकाळी असं मी मुद्दाम म्हणतोय. तुमच्या बांधाला झेंडू आहे आणि विहिरीजवळ लिंबू. दोन्हीकडे मधमाशी येते, आणि ती सकाळपासून दुपारपर्यंत जोरात असते. तरुणपणी मी स्वतः लिंबाच्या बागेत आंबे बहाराच्या फुलांवर सकाळी नऊ वाजता फवारा मारला होता. फुलकिडे दिसले, म्हटलं लगेच मारू. दुपारी झाडांखाली मधमाश्या पडलेल्या पाहिल्या. त्या वर्षी फळधारणा का कमी झाली, याचं कारण मला कोणी सांगावं लागलं नाही. फुलोऱ्यात शक्यतो फवारूच नका. टळणारच नसेल तर ऊन उतरल्यावर, माश्या परतल्यावर. काकडी, कलिंगड लावणाऱ्यांनी हे आणखी जपावं, कारण त्यांची फुलं सकाळी उमलतात आणि माशीशिवाय फळ धरत नाही. दोडक्याची फुलं मात्र संध्याकाळी उमलतात, तिथं संध्याकाळचा नियम डोळे झाकून लावू नका, फुलं बघून वेळ ठरवा.

पहाटे वारा नसतो म्हणून फवारणीला चांगली, असंही सांगतात. थंडीतल्या पहाटे गावातल्या चुलींचा धूर कसा छपरांवर आडवा पसरून राहतो, वर जात नाही, ते आठवा. तशा हवेत फवाऱ्याचे बारीक थेंबही वर तरंगत राहतात आणि शेजारच्या वावरात, घरांकडे सरकतात. पानावर दव असेल तर औषध दवाबरोबर ओघळतं. धूर सरळ वर जाऊन हलका एका बाजूला कलत असेल, तर हवा फवारणीजोगी. आपल्या उन्हाळ्यात तर दुपारी पंप काढूच नये, थेंब पानावर पडेपर्यंत वाळतो आणि पान करपतं.

झेंडू खायचा नाही म्हणून त्याला मुदत कशाला, असं वाटतं. पण तो तोडणाऱ्या बायांचे हात उघडे असतात, आणि माळ करून तोच देवाला, दाराला, गाडीला लागतो. वांग्याचाच नियम त्यालाही लावा. लिंबाचं थोडक्यात सांगतो. नागअळीच्या चंदेरी नागमोडी रेषा आणि वळलेली पानं दिसल्यावर फवारून उपयोग नाही, अळी पानाच्या पदराआड असते. नवी पालवी फुटताना, पान बोटाच्या पेराएवढं असताना बघा, लागली तर तेव्हाच घ्या.

हे सदर शहाद्याचे पपईवाले आणि रावेरचे केळीवालेही वाचतात, म्हणून एक गोष्ट इथेच सांगून टाकतो. पपईचा रिंगस्पॉट आणि केळीवरचा हरण्या हे विषाणूंचे रोग मावा पसरवतो, आणि तो ते काम पानाला सोंड लावून काही सेकंदांत उरकतो. औषधाने तो मरेपर्यंत विषाणू झाडात गेलेला असतो. तिथं फवारणीची वेळ कितीही साधली तरी भागत नाही. रोगट झाड दिसताच उपटून नष्ट करणं, केळीत आणि केळीभोवती काकडीवर्गीय पिकं न घेणं, तण स्वच्छ ठेवणं, याने फरक पडतो.

एका गोष्टीबद्दल तुम्ही काही लिहिलं नाही, तरी विचारतो. औषध पाण्यात कोण कालवतं? बहुतेक घरी बाई बादली भरते, काठी नाही मिळाली तर हाताने ढवळते, आणि फवाऱ्याचे कपडे घरच्या कपड्यांत धुते. झाकणातलं घट्ट औषध पंपातल्या पाण्यापेक्षा कितीतरी जहाल असतं, म्हणजे सगळ्यात धोक्याचं काम तुमच्या वाट्याला येतं. हातमोजे घाला, काठीने ढवळा, ते कपडे वेगळे धुवा. दोन-तीन औषधं आणि टॉनिक एकाच पंपात ओतू नका. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना वीसहून अधिक शेतकरी-मजूर दगावले, ते आपल्यासारखेच होते. फवारताना डोळ्यांपुढे अंधूक झालं, लाळ गळायला लागली, दरदरून घाम फुटला, मळमळलं, तर काम तिथेच सोडायचं, कपडे काढून अंग साबणाने धुवायचं आणि औषधाची बाटली बरोबर घेऊन दवाखाना गाठायचा.

आणि आबा. ते हट्टी आहेत असं मला तुमच्या पत्रावरून वाटलं नाही, ते घाबरलेले वाटले. पीक हातचं गेलेलं ज्यांनी पाहिलंय, त्यांना रविवारची फवारणी म्हणजे काहीतरी केल्याचं समाधान असतं. ते तोंडाने काढून घेऊ नका. "तुमचं चुकतंय" हे वाक्य सुनेच्या तोंडून त्यांना ऐकवणार नाही, आणि ते खरंही नाही. त्यांनी जे ऐकलं तेच केलं. त्यांना म्हणा, "आबा, झेंडूकडची अर्धा एकर वांगी मला सापळ्यावर करून बघू द्या, बाकीचं तुमच्या पद्धतीने चालू द्या." अर्धा एकर बुडाला तरी घर बुडत नाही, हे त्यांना पटेल. दोन्हीकडचा खर्च आणि किडका माल एकाच वहीत, त्यांच्याच हाताने लिहायला द्या. शंका आली तर रावेरकडे पालचं कृषी विज्ञान केंद्र तुम्हाला जवळ आहे, जळगाववाल्यांना ममुराबादचं. किडका शेंडा पिशवीत घालून घेऊन जा. जाणं होत नसेल तर किसान कॉल सेंटरचा १८००-१८०-१५५१ हा नंबर फुकट आहे, आणि तिथं मराठीत बोलता येतं.

येत्या रविवारी पंप भरण्याआधी एवढं करा. घरच्यासाठी ठेवलेल्या दोन ओळींतली शंभर वांगी आणि बाकीच्या वावरातली शंभर वांगी एकाच वेळी तोडा. दोन वेगळ्या गोणपाटांवर ओता. आबांना मधे बसवा, आणि किडकी त्यांनाच निवडू द्या. जो आकडा येईल तो मला कळवा.